सिस्टिम फाईल गहाळ झाली, तर हजीऱ्याच्या माणसाने जायचे कुठे?

सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या पट्ट्यात युरिया तयार होतो, समुद्रातून आलेला वायू शुद्ध होतो, पोलाद निघते, लष्करासाठी के-९ वज्र तोफा बांधल्या जातात, बंदराला जहाजे लागतात. यातल्या कुठल्याही प्लांटमध्ये महत्त्वाच्या मशीनचा सुटा भाग स्टोअरला नसेल किंवा कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरची बॅकअप प्रत कुलपात नसेल, तर शिफ्ट इन्चार्जला चैन पडत नाही. हाच माणूस ड्युटी संपवून घरी येतो. मुलगी सांगते, कॉम्प्युटर चालू होत नाहीये, कुठलीशी फाईल मिसिंग दाखवतोय. आता त्याच्या हाती सुटा भाग नसतो, बॅकअप नसतो आणि कुणाला विचारावे हेही ठाऊक नसते. मग तो ओळखीच्या पोराला फोन लावतो. पोरगा म्हणतो, आणून टाका, फॉरमॅट मारून देतो.

विंडोजची गहाळ फाईल खात्रीच्या ठिकाणाहून परत मिळणे ही नागरी सोय आहे आणि ती वसाहतीत, गावात, वॉर्डात उपलब्ध असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ते पुढे मुद्द्यांनी मांडतो.

मुद्दा १. हा आता एका घराचा खाजगी प्रश्न नाही.

इथली आणि सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागातली बरीच मराठी घरे मूळची जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. तापी लाइनने आजोबा किंवा वडील आले आणि इथेच राहिले, पण शेत गावाकडेच आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तेव्हापासून त्या शेताचा कागद सुरतेत बसून काढता येतो. पीएफचे पासबुक, आयकराचे विवरण, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, स्कॅन केलेले दाखले, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळे त्या एका मशीनमध्ये असते.

आणि अशी मशीन घरोघरी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत कॉम्प्युटर आढळला. शहरात २३.४ टक्के, खेड्यात ४.४ टक्के. ज्या घरात तो आहे तिथे शेजारचा मुलगा फॉर्म भरायला येतो, वरच्या मजल्यावरच्या काकू पेन्शनचा कागद छापून घ्यायला येतात. एक मशीन बंद पडली की चार घरांची कामे अडतात.

आता सगळे मोबाईलवर होते, असे काहीजण सांगतील. बरेच होते, हे खरे. पण टॅलीचे काम, ड्रॉइंग, लांबलचक अर्ज, दहा कागद ठरलेल्या साइझमध्ये जोडणे ही कामे मोबाईलवर करून पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मुद्दा २. फाईल जाते ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून किंवा भल्यासाठी बसवलेल्या प्रोग्रॅमच्या हातून.

"व्हायरस आला असेल" हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. इतिहास पाहिला तर चित्र वेगळे दिसते. २००१ मध्ये जगभर एक ई-मेल फिरला: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सल्फएनबीके.ईएक्सई नावाची फाईल असेल तर तो व्हायरस आहे, शोधा आणि काढून टाका. लोकांनी शोधली, तर ती खरोखरच सापडली. सापडणारच होती, कारण ती विंडोजचीच फाईल होती आणि फाईलींची लांब नावे जपण्याचे काम करत होती. पुढच्या वर्षी तसाच ई-मेल जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई या फाईलबद्दल आला. तिचे चिन्ह अस्वलाच्या छोट्या बाहुलीचे होते, त्यामुळे ती आणखीच संशयास्पद वाटली. असंख्य लोकांनी स्वतःच्या हाताने फाईल पुसली आणि तोच ई-मेल काळजीपोटी नातेवाइकांना पुढे पाठवला. आज ई-मेलच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आहे, काळजी तीच आहे.

हे जुने झाले असे मानू नये. एप्रिल २०२५ च्या विंडोज अपडेटने सी ड्राईव्हवर इनेटपब नावाचे रिकामे फोल्डर तयार केले. रिकामे आणि अनोळखी दिसल्यामुळे अनेकांनी ते उडवले. ते सुरक्षेच्या दुरुस्तीचा भाग आहे, काढू नका, असे मायक्रोसॉफ्टला नंतर सांगावे लागले.

दुसरे कारण राखणदाराची, म्हणजे सुरक्षेच्या प्रोग्रॅमचीच चूक. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई ही अत्यावश्यक फाईल व्हायरस समजून बाजूला काढली. जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ चा प्रसंग तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाईल सुमारे ८५ लाख विंडोज मशीनवर पोहोचली आणि त्या निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कंपनीने ती फाईल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण ज्या मशीन आधीच पडल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती एक फाईल हाताने काढावी लागली. एका फाईलचे महत्त्व किती आणि दुरुस्ती जाणणारा माणूस जवळ असण्याचे महत्त्व किती, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

तिसरे कारण चोरीची विंडोज चालू ठेवण्यासाठी टाकलेले क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर. ते सिस्टिमच्याच फाईलींमध्ये हात घालतात. चौथे कारण हार्ड डिस्क खराब होत जाणे. मशीन चालू असताना वीज गेली, समुद्राकडची दमट खारी हवा आणि धूळ वर्षानुवर्षे आत जात राहिली, डिस्क जुनी झाली, की आधी एखादी फाईल वाचता येईनाशी होते. तेव्हा फाईल गहाळ होणे हा रोग नसतो, रोगाची पहिली खूण असते.

मुद्दा ३. गहाळ डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी जोडफाईल, नाव टाकून इंटरनेटवरून उतरवू नये. हे ठणकावून सांगण्याची गरज आहे.

संदेशात जे नाव दिसते ते शोधले की लगेच "फ्री डाऊनलोड" म्हणणारी पाने समोर येतात. फाईल छोटीशी असते, फुकट असते, काम दोन मिनिटांचे वाटते. इथेच घात होतो. एकाच नावाच्या फाईलच्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रोग्रॅमला त्यातली नेमकी एक लागते. शिवाय ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाईली सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये. नावावरून कुणालाही उलटेच वाटेल. चुकीची फाईल चुकीच्या जागी टाकली की पहिली चूक जाऊन दुसरी येते आणि आता बिघडले कुठे हे शोधणे आणखी अवघड होते.

धोका त्याहून मोठा आहे. डीएलएल म्हणजे कागदपत्र नव्हे, तो चालणारा कोड आहे. जो प्रोग्रॅम तिला हाक मारतो त्याचे सगळे अधिकार तिला मिळतात. ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचा पासवर्ड टाकतो तिथे कुणी दिली हे माहीत नसलेली फाईल सिस्टिमच्या पोटात ठेवणे म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली करून देणे.

मुद्दा ४. मूळ फाईल बहुतेकदा मशीनमध्येच असते. ती परत मिळवण्याचा एक क्रम आहे आणि तो प्रत्येक सुजाण घराला माहीत असावा.

सर्वात आधी पडद्याचा मोबाईलने फोटो काढावा. संदेश इंग्रजीत असतो, घाईत ओके दाबले जाते आणि नंतर दुरुस्तीवाल्याला "काहीतरी मिसिंग होते" एवढेच सांगता येते. फाईलचे पूर्ण नाव हा निम्मा शोध असतो.

मग ठरवावे की विंडोज उघडत नाही, की विंडोज उघडते पण एखादा प्रोग्रॅम चालत नाही. प्रोग्रॅमच तक्रार करत असेल आणि नाव व्हीसीरनटाईम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० असे असेल, तर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज बसवायचे असते. ते मायक्रोसॉफ्टच्याच ठिकाणाहून मोफत मिळते, ३२ आणि ६४ बिट दोन्ही घ्यावीत. दुसरी एखादी फाईल असेल तर तो प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवावा. त्याआधी रिसायकल बिन आणि अँटिव्हायरसची क्वारंटाईन यादी पाहून घ्यावी. फाईल अनेकदा तिथेच बसलेली असते. मात्र तिथली फाईल परत घेताना ती खरोखर कशाची आहे हे समजून घ्यावे, डोळे मिटून "रिस्टोअर" म्हणू नये.

विंडोजचीच फाईल गेली असेल तर घाबरण्याचे कारण कमी आहे. विंडोज आपल्या फाईलींच्या मूळ प्रती विनएसएक्सएस नावाच्या कोठारात ठेवते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा दिली की संरक्षित फाईली एकेक तपासल्या जातात आणि बिघडलेल्या किंवा नाहीशा झालेल्या फाईलच्या जागी कोठारातली प्रत बसते. कोठारच बिघडले असेल, तर डिझम ही आज्ञा रिस्टोअरहेल्थ या जोडीसह आधी चालवायची. ती इंटरनेटवरून, विंडोज अपडेटच्या साठ्यातून कोठार दुरुस्त करते. त्यामुळे क्रम असा: आधी डिझम, मग एसएफसी. वेळ लागतो, टक्केवारी मध्येच थांबल्यासारखी वाटते, पण मशीन बंद करू नये.

विंडोज उघडतच नसेल तर काही प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात स्टार्टअप रिपेअर असते, सिस्टिम रिस्टोअर असते, शेवटचे अपडेट काढण्याची सोय असते. सिस्टिम रिस्टोअर मशीनला आधीच्या तारखेच्या अवस्थेत नेते, आपले फोटो आणि कागद पुसत नाही. मात्र ते आधीपासून चालू असावे लागते आणि अनेक मशीनवर ते बंद असते. तोही पडदा येत नसेल तर दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राईव्हवर विंडोज घ्यावी, बंद मशीन त्यावरून सुरू करावी आणि "इन्स्टॉल" न दाबता "रिपेअर युवर कॉम्प्युटर" निवडावे.

जुन्या वाचकांना एक्सपीच्या काळातला "एनटीएलडीआर इज मिसिंग" हा संदेश आठवेल. तेव्हा सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधून दोन फाईली सी ड्राईव्हवर आणून ठेवल्या की मशीन उठत असे. शर्त एकच होती, मूळ सीडी घरात असली पाहिजे. आज सीडीच्या जागी पेनड्राईव्ह आहे, शर्त तीच आहे.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा साधी फाईल उघडायला मिनिटे लागत असतील, तर कुठलीही आज्ञा देऊ नये. मशीन बंद करावी, डिस्क जाणकाराकडे न्यावी आणि आधी फोटो-कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवली की उरलेलेही जाते.

मुद्दा ५. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

फॉरमॅट दुरुस्तीवाल्याला सोपा पडतो. वेळ ठरलेला, पैसे ठरलेले, विचार करावा लागत नाही. घराला तो महाग पडतो. आजोबांच्या आवाजाची रेकॉर्डिंग, लग्नाचे फोटो, दहावीपासूनची प्रमाणपत्रे डी ड्राईव्हवर होती की डेस्कटॉपवर, हे त्या क्षणी कुणी विचारत नाही आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राईव्ह हे बहुतेकांना माहीत नसते. फॉरमॅट करण्याआधी मालकाची सही घेऊन "कुठला डेटा जाईल" हे लिहून देण्याची पद्धत दुकानांनी पाडली पाहिजे.

फॉरमॅटची वेळ आलीच तर बॅकअपच वाचवतो, पण बॅकअप घेतलेली डिस्क कॉम्प्युटरजवळच्याच कपाटात, त्याच मजल्यावर ठेवू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला तेव्हा तळमजल्यावरचे कॉम्प्युटर आणि त्यांच्या शेजारच्या सीड्या एकत्रच गेल्या. एक प्रत गावाकडच्या घरी किंवा क्लाउडवर असावी.

मुद्दा ६. विकणाऱ्याची जबाबदारी विक्रीच्या दिवशी संपत नाही.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतात बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते. याचा दोष गिऱ्हाइकावर टाकून मोकळे होता येणार नाही. असेंबल कॉम्प्युटर घेणाऱ्याला आत चोरीची विंडोज आहे हे पुष्कळदा सांगितलेच जात नाही. बिलावर मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट असते. विंडोजची ओळच नसते. अशा मशीनची फाईल गहाळ झाली की मालक अधिकृत मदत मागायलाही कचरतो.

माझी मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक बिलावर विंडोजचा परवाना आहे की नाही हे लिहिलेले असावे. परवाना नको असेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून द्यावी आणि तसे लिहावे. मशीनसोबत दुरुस्तीची पेनड्राईव्ह द्यावी. तिची किंमत गिऱ्हाईक आनंदाने देईल.

आणखी एक गोष्ट याहून तातडीची आहे. नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते. नेहमीच्या वापरात कळतही नाही. पण सिस्टिम बिघडून दुरुस्तीचा पडदा आला की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की ज्या खात्याने मशीन सुरू केली त्या खात्यात असते. दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या किंवा दुकानाच्या ई-मेलने मशीन सुरू करून दिली असेल, तर तुमच्या घराच्या डेटाची किल्ली त्याच्या खात्यात आहे. दोन वर्षांनी तो मुलगा नोकरी सोडून गेला असेल, तर ती मिळणार नाही आणि किल्लीशिवाय डेटाही नाही. मशीन घरच्याच ई-मेलने सुरू करा आणि ती की कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू केले. समितीने सुरुवातीला चार क्षेत्रे धरली: शेतीची अवजारे, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. घरगुती कॉम्प्युटरचे वेगळे नाव त्यात नव्हते. ते असायला हवे होते आणि त्यात केवळ सुटे भाग नव्हे, तर रिकव्हरीची प्रतही ग्राहकाचा हक्क म्हणून मोजली जायला हवी. बिल असूनही विक्रेता हात झटकत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मुद्दा ७. दुरुस्तीवाल्याला मान द्यावा आणि त्याच्याकडून शिस्तही मागावी.

दुरुस्ती हे कमी दर्जाचे काम मानण्याची आपली खोड जुनी आहे. पुण्याच्या कैलास काटकरांचे उदाहरण त्यावर पुरे. दहावीनंतर शिक्षण सोडून ते रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले, कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. गिऱ्हाइकांच्या मशीनवर व्हायरस येऊ लागले तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. पुढे भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले, तेव्हा मोफत सफाईचे साधन देणाऱ्यांत ही पुण्याची कंपनी होती. टेबलावर उघडलेल्या मशीनसमोर बसणाऱ्या मुलात केवढी शक्यता असते ते यातून दिसते.

शिस्तीची गरजही तितकीच खरी आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपवरच्या नोंदी तपासल्या. १२ दुकानांपैकी ६ ठिकाणी तंत्रज्ञांनी मालकाचा खाजगी डेटा उघडून पाहिला होता आणि २ ठिकाणी तो कॉपीही केला होता. स्त्रियांच्या मशीनच्या बाबतीत हे अधिक घडले. आपल्याकडच्या मुलींना लॅपटॉप दुकानात ठेवून येताना जी धाकधूक वाटते ती अवाजवी नाही. गहाळ फाईल बसवायला फोटोंचे फोल्डर उघडावे लागत नाही. मालक शेजारी बसलेला असताना दुरुस्ती करणे हा साधा नियम व्हावा.

मुद्दा ८. जुनी मशीन टाकून देणे हे उत्तर नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला न चालणारी कितीतरी चांगली मशीन इथल्या घरांत आहेत. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेट्सची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती घ्यावी. नंतर लिनक्स टाकावे. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली केलेली आहे, आणि केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून वापरून दाखवले आहे. सातबारा काढायला आणि परीक्षेचा फॉर्म भरायला ते पुरते.

मुद्दा ९. काय करता येईल आणि कुणी करावे.

ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणत्या शेजाऱ्याच्या मदतीने स्वतः दुरुस्त करा, एवढीच कल्पना. २०१५ पासून बेंगळुरूमध्येही तसा उपक्रम चालू झाला. हजीऱ्यात तो चालवायला लागणारे सगळे आधीच आहे. कारखान्यांच्या टाउनशिपमध्ये क्लब आहेत, हॉल आहेत. या वसाहतींत असे इन्स्ट्रुमेंटेशन आणि आयटीचे लोक राहतात ज्यांना प्लांटची मशीन पहाटे तीन वाजता उठवता येते. सुरतेत एसव्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आहेत, आयटीआयमध्ये कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड शिकणारी मुले आहेत, ज्यांना सरावाला खऱ्या बिघडलेल्या मशीन हव्या असतात.

महिन्यातून एका रविवारी एक टेबल मांडावे. टेबलावर अधिकृत ठिकाणाहून उतरवलेल्या विंडोजची पेनड्राईव्ह, एक लिनक्सची, डेटा तात्पुरता उतरवायला एक मोठी डिस्क आणि एक वही. वहीत बिघाड, कारण, उपाय लिहावा. सहा महिन्यांत या परिसरात मशीन कशाने बिघडतात याचा पक्का अंदाज येईल. क्रॅक बसवून मिळणार नाही, हे पाटीवर लिहावे. मालक शेजारी बसेल, हेही लिहावे. मुद्दा ४ मधला क्रम मराठी, गुजराती आणि हिंदीत एका पुठ्ठ्यावर छापून भिंतीला लावावा आणि प्रत्येक घराला द्यावा, कारण इथल्या घराची भाषा मराठी, बाजाराची गुजराती आणि प्लांटची हिंदी आहे. स्थानिक दुरुस्तीवाल्यांना टेबलावर बोलवावे आणि मानधन द्यावे. त्यांचा धंदा मोडून ही सोय उभी करण्यात शहाणपण नाही.

टेबल टाउनशिपच्या गेटच्या आत राहिले तर अर्धेच काम होईल. कंत्राटी कामगार गेटच्या बाहेर राहतो आणि जुनी मशीन बहुतेक त्याच्याच घरात असते. म्हणून गावात ग्रामपंचायतीने जागा द्यावी आणि शहरात महापालिकेने आपल्या ग्रंथालयांत, मराठी माध्यमाच्या शाळांत हीच सोय करावी. खर्चाचे म्हणाल तर कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगते आणि शिक्षण व कौशल्य त्या यादीत आहे. हजीऱ्याच्या किनाऱ्यावर अशा कंपन्या रांगेने उभ्या आहेत. एका टेबलाचा वर्षाचा खर्च त्यांच्या हिशेबात दिसणारही नाही.

मुद्दा १०. सोसायटीच्या आणि टाउनशिपच्या सभासदांना विनंती.

पुढच्या सभेत पार्किंग आणि पाण्याच्या जोडीला हा विषय अजेंड्यावर घ्या. ठराव दोन ओळींचा आहे: महिन्यातून एक दिवस हॉल द्यावा आणि दोन पेनड्राईव्ह खरेदी कराव्यात. तो मंजूर होईपर्यंत एवढे आपल्या घरी करा: चालू मशीनवर आजच दुरुस्तीची पेनड्राईव्ह बनवून ठेवा, सिस्टिम रिस्टोअर चालू आहे का पाहा, रिकव्हरी की लिहून काढा, आणि ज्या शेजाऱ्याला हे जमत नाही त्याच्या घरी जाऊन करून द्या.